शेलापागोटी 1974: एका निरोपपुस्तिकेच्या पुनर्मुद्रणाच्या नोंदी

17 नोव्हेंबर 2023

भाऊबीज झाली, पाहुणे गेले, फराळाचे डबे रिकामे झाले. आता कामाला लागायला हरकत नाही.

काम असं. 2 मार्च 1974 च्या रात्री आमच्या इंजिनिअरिंग हॉस्टेलच्या मेसमध्ये आम्ही ज्युनिअर पोरांनी शेवटच्या वर्षाच्या मंडळींना निरोप दिला. तेव्हा एक सायक्लोस्टाईल पुस्तिका वाटली होती. प्रत्येक सिनिअरला अर्धं पान: एक चित्र, थोडी टिंगल, जमलं तर दोन ओळी पद्य आणि शेवटी त्याचं भविष्य. येत्या मार्चमध्ये त्या बॅचला पन्नास वर्षं होतात. कॉलेज दक्षिण महाराष्ट्रातलं, पण मेळावा पुण्यात ठरलाय, कारण निम्मी बॅच आता पुण्यातच पेन्शन खाते. पुस्तिका पुन्हा छापायची जबाबदारी माझ्या गळ्यात पडली. लिहिणाऱ्या तिघांतला मी एक, आणि आमच्या घरात रद्दी विकायची पद्धत नाही.

नव्या पोरांसाठी खुलासा. गॅदरिंगला फिशपाँड असायचेच. खोक्यात निनावी चिठ्ठ्या टाकायच्या, सूत्रसंचालकाने त्या स्टेजवरून वाचायच्या. आमचे जुने प्राध्यापक त्यांना शेलापागोटी म्हणत. पण चिठ्ठीत मावणार किती? बहुतेक जण सिनेमाच्या गाण्याची ओळ उचलायचे आणि कुणाच्या तरी नावापुढे चिकटवायचे. हॉस्टेलची पुस्तिका त्यापेक्षा ऐसपैस. शिवाय सेन्सॉर नाही. रेक्टर त्या रात्री जेवण उरकून शहाण्यासारखे घरी जात.

या नोंदींत कुणाचं खरं नाव लिहिणार नाही. हॉस्टेलमधली नावं पुरेशी आहेत, काहींना तर घरीही त्याच नावाने हाक मारतात.

21 नोव्हेंबर

प्रत नीट तपासली. फुलस्केप कागद, दोन्ही बाजूंनी छापलेला, दोऱ्याने शिवलेला. घडीवर फाटलाय. एकतीस माणसांपैकी चार पानं गायब, म्हणजे आठ जण हरवलेले.

अक्षर हा वेगळाच विषय. मराठी टाइपरायटर कॉलेजच्या ऑफिसात एकच होता आणि तो आम्हाला कोण देणार? म्हणून मेणाच्या स्टेन्सिलवर टोकदार लेखणीने हातानेच लिहायचं. त्यात दोन धोके. लांब आडवी रेघ ओढली की स्टेन्सिल तिथेच फाटायचं. सबब शिरोरेषा द्यायची नाही, हा आमच्या लेखनिकाचा कायदा. दुसरा धोका गोलाचा. छोटा गोल पुरता बंद केला की मधला मेणाचा तुकडा गळून पडायचा आणि छापताना तिथे काळा ठिपका उमटायचा. म्हणून ठ, व, ब यांचे गोल तो किंचित उघडे ठेवायचा. पहिल्या पानांवर ही कारागिरी बघत राहावी अशी आहे. शेवटच्या पानांवर पहाट झालेली दिसते: सगळे व बुजलेत, आणि एका सिनिअरला 'विद्वान' म्हटलंय की आणखी काही, हे त्यालाच विचारावं लागणार.

25 नोव्हेंबर

नात शनिवारची आली होती. मी झेरॉक्सच्या दुकानात निघालो होतो, तिने चपला काढायला लावल्या. "आबा, स्कॅन करायचं. झेरॉक्सची झेरॉक्स काढत बसणार का तुम्ही?"

कागद पातळ, त्यामुळे मागच्या पानावरची शाई पुढे दिसते. तिने प्रत्येक पानाखाली काळा कार्डपेपर सरकवला आणि मागची अक्षरं जवळपास नाहीशी झाली. बारकी युक्ती, पण काम फत्ते. 400 डीपीआय, ग्रेस्केल. रंगीत करायची गरज नाही, रंग होता तो फक्त चहाच्या डागांचा.

मग संगणकाला अक्षरं ओळखायला लावली. शिरोरेषा नाही म्हटल्यावर यंत्राला शब्द कुठे संपतो तेच कळेना. 'मेसचा बटाटा' हे त्याने सहा निरनिराळ्या अक्षरांत वाचलं आणि शेवटी उद्गारचिन्ह स्वतःच्या पदरचं घातलं. मग मी मोठ्याने वाचायचं आणि मोबाईलने लिहायचं, असं ठरलं. 'टर्म ग्रँट', म्हणजे हजेरी आणि सबमिशन पाहून टर्म मंजूर होणं, याला तो 'टर्म ग्रँड' म्हणतो. एका अर्थी बरोबरच आहे, टर्म ग्रँट झाली की आम्हाला ग्रँडच वाटायचं.

3 डिसेंबर

आज 'ट्रस्टीं'चं पान टाइप केलं. सबंध पुस्तिकेत हे पहिलं, आणि योग्यच. त्यांना एटीकेटी नावाच्या, विषय राहिला तरी पुढच्या वर्गात ढकलणाऱ्या देवीचं वरदान होतं. एक विषय सुटायचा, मागचा अडकायचा. कॉलेजात ते सात वर्षं होते. पुस्तिकेतला मजकूर:

"कॉलेजची कोनशिला बसवली तेव्हा हे बाजूला उभे होते, असं जाणकार सांगतात. नवे प्राचार्य रुजू झाले त्या दिवशी त्यांनी ट्रस्टींनाच विचारलं, की जुन्या फायली कुठे असतात. ट्रस्टींनी दाखवल्या. यंदा हे पास झाले तर इमारत खचेल काय, याचा सॉइल मेकॅनिक्स विभागाने तातडीने अभ्यास करावा.

प्राचार्य आले, प्राचार्य गेले, शिपाई झाले म्हातारे;
आमचे ट्रस्टी जागेवरती, मोजत बसले तारे."

चित्र आमच्या चित्रकाराचं. त्याने सगळ्यांना मशीन ड्रॉइंगसारखं काढलंय: समोरून दृश्य, वरून दृश्य, बाजूने दृश्य, मापांच्या रेघांसकट. ट्रस्टींच्या वरच्या दृश्यात नुसतं टक्कल आहे आणि त्याला केंद्ररेषा दाखवलीय. खाली टीप: 'दरसाल व्यास वाढतो.'

फोन केला. ट्रस्टींचा आवाज तोच. सगळ्या बॅचचे पत्ते आणि नंबर त्यांच्याकडे आहेत, कोण कधी गेला हेही. सात वर्षांत त्यांच्या ओळखी तीन बॅचशी झाल्या होत्या. माझं अर्धं काम त्या एका फोनने झालं.

10 डिसेंबर

'जी. टी.' च्या पानाला वेळ लागला, कारण मी मध्येच हसत होतो आणि मोबाईल ते हसूही लिहून घेत होता.

जी. टी. म्हणजे ग्लास ट्रेसिंग. खिडकीची काच दोन खुर्च्यांवर आडवी ठेवायची, खाली शंभरचा बल्ब, काचेवर दुसऱ्याची पूर्ण झालेली शीट, तिच्यावर आपली कोरी. मग काय, गिरवत सुटायचं. ज्याच्या खोलीत ही सोय होती तोच आमचा जी. टी. सबमिशनच्या आठवड्यात त्याच्या दाराबाहेर रॉकेलच्या दुकानासारखी रांग असायची.

"खाली दिवा, वरती काच, काचेवर शीट कोरी;
अख्ख्या वर्गाच्या अकलेची एकच ही शिदोरी."

पद्य ठीकच आहे, गद्य अस्सल आहे. मूळ शीटवर कुणीतरी चहाचा कप ठेवला होता. पुलाच्या खांबाशेजारी गोल डाग पडला. पुढच्याने तो डाग कंपासने नीट काढला. त्याच्या पुढच्याने त्या वर्तुळाला केंद्र दिलं. चौथ्याने व्यास लिहिला. ओरलला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं, "हे काय आहे?" त्यावर एकाने उत्तर दिलं, "सर, इन्स्पेक्शन चेंबर."

हा किस्सा पुस्तिकेत आला नसता तर मला आज खोटा वाटला असता. तिथे तो तारखेसकट आहे.

16 डिसेंबर

हरवलेली पानं मिळाली! ट्रस्टींच्या यादीतले कोल्हापूरचे एक सिनिअर, त्यांच्या ट्रंकेत पुस्तिका जशीच्या तशी होती. ट्रंकेत राहण्याचं कारण ऐकण्यासारखं आहे. त्यांची शेवटची ओरल झाली आणि 8 मे 1974 ला देशभर रेल्वेचा संप सुरू झाला. स्टेशनवर शुकशुकाट. एस.टी.त पाय ठेवायला जागा नाही, टपावर ट्रंकांचे डोंगर. त्यांनी ट्रंक मागे ठेवली आणि वळकटी घेऊन गेले. संप 27 मेला मिटला. ट्रंक आणायला पावसाळा उजाडला, तोवर नोकरी लागली होती, मग ती न उघडताच माळ्यावर गेली. पोखरणच्या चाचणीची बातमी त्यांनी 18 मेला गावच्या चावडीवर रेडिओवर ऐकली, हे त्यांनी मला दोनदा सांगितलं. पुस्तिकेशी संबंध नाही, पण लिहून ठेवतो.

23 डिसेंबर

मेस सेक्रेटरीचं पान. टोपणनाव 'अर्थमंत्री'.

हे पान आजच्या वाचकाला तळटिपेशिवाय कळणार नाही. 1973 च्या डिसेंबरात अहमदाबादच्या एल. डी. इंजिनिअरिंग कॉलेजात मेसच्या बिलात वीस टक्के वाढ झाली. पोरं भडकली, त्यातून नवनिर्माण आंदोलन उभं राहिलं आणि 9 फेब्रुवारी 1974 ला मुख्यमंत्री चिमणभाई पटेलांना राजीनामा द्यावा लागला. आमची पुस्तिका त्यानंतर तीन आठवड्यांनी निघाली. महागाई आमच्याकडेही तीच होती. डालडा मिळत नव्हता, साखर रेशनवर. तर आम्ही लिहिलंय:

"अहमदाबादेत मेसच्या बिलापायी मुख्यमंत्री गेले. आमचे अर्थमंत्री बटाट्याच्या पाठिंब्यावर टिकले.

सोमवारी सुका बटाटा, मंगळवारी रस्सा;
बुधवारचा वडा फोडला, आत तोच राजसा!"

त्यांना वाचून दाखवलं तर म्हणाले, "बिल वाढू दिलं नाही, ते कुणी लिहिलं का?" नव्हतं लिहिलं. मी विचारलं, घालू का आता? "नको रे. बटाटाच राहू दे. नातवंडांना तेवढंच कळेल."

30 डिसेंबर

काय गाळायचं, यावर आज बैठक झाली. म्हणजे लेखनिक, चित्रकार आणि मी, तिघे मोबाईलवर. चित्रकाराचा चेहरा शेवटपर्यंत दिसला नाही, छताचा पंखा दिसला.

नियम ठरला तो लेखनिकाचा: माणसाने जे केलं ते राहील, माणसाला जे जन्माने मिळालं ते जाईल. रंगावरचे दोन विनोद गेले, एकाच्या बोबडेपणावरचा गेला, एकाच्या बोलीवरचा गेला. यांतला एकही विनोद चांगला नव्हता, हे विशेष.

त्याच ओघात दुसरीही गोष्ट लक्षात आली. सात-आठ पानं अशी आहेत, की त्यांत नुसती त्या वर्षीच्या सिनेमांची नावं आणि गाण्यांचे तुकडे आहेत. कुणाला हिरो म्हटलंय, कुणाला व्हिलन. मी वाचून दाखवलं, तिघांपैकी एकालाही हसू आलं नाही. तो माणूस कसा होता, हेही आठवेना. याउलट ज्याच्या पानावर गजराचं घड्याळ आहे, तो डोळ्यांसमोर उभा राहतो. सिनेमाची पानं लिहिताना आम्ही त्या लोकांकडे पाहिलंच नव्हतं. शेवटच्या रात्री पानं भरायची होती, एवढंच. तरी छापायची. एकतीस म्हणजे एकतीस.

6 जानेवारी 2024

'गजर'. सिव्हिलचा. पहाटे चारचा गजर लावायचा आणि आवाज मोठा व्हावा म्हणून घड्याळ डालडाच्या रिकाम्या डब्यात ठेवायचा.

"चारला गजर, पाचला गजर, जागं झालं गाव;
आठला उठून हाच विचारी, 'वाजला का रं राव?'

याच्यामुळे संपूर्ण विंग फर्स्ट क्लासात येण्याची शक्यता आहे. हा स्वतः सोडून."

गजर 2011 साली गेले. वहिनींना फोन करायला धीर होत नव्हता. मेलेल्या माणसाची टिंगल छापायची परवानगी कशी मागायची? सगळं वाचून दाखवलं. पलीकडे शांतता, मग एकदम: "अहो, छापा की! लग्नानंतर सगळी वर्षं गजर हे लावायचे आणि उठायचे मी. निदान कुठेतरी लेखी पुरावा राहील." शिवाय त्यांना पाच प्रती हव्या आहेत. नणंदांना द्यायच्या आहेत म्हणे.

13 जानेवारी

स्लाइड रूलवाल्याचं पान. हा चामड्याच्या म्यानातला स्लाइड रूल कमरेला तलवारीसारखा लावून हिंडायचा.

"कँटीनचं बिल स्लाइड रूलवर काढतो. उत्तर एक-तीन-पाच येतं. ते एक रुपया पस्तीस पैसे, साडेतेरा रुपये की साडेतेरा पैसे, हे मालकाने सदसद्विवेकबुद्धीला स्मरून ठरवावं."

नातीला हे कळेना. माझा रूल कपाटातून काढून तिला दाखवला. दोन पट्ट्या लॉगरिदमच्या मापात आखलेल्या, एक दुसरीत सरकते. लांबीत लांबी मिळवली की आकड्यांचा गुणाकार होतो. पण दशांशचिन्ह कुठे द्यायचं, ते हे यंत्र सांगत नाही. ते डोक्यात ठेवावं लागतं. अमेरिकेत 1972 सालीच खिशात मावणारा शास्त्रीय कॅलक्युलेटर निघाला होता, आमच्यापर्यंत यायला तो बराच रेंगाळला. तिने दोन गुणिले तीन करून पाहिलं, सहा आलं, आणि म्हणाली, "आबा, म्हणजे उत्तर आधीच माहीत असावं लागतं की." साधारण तसंच.

15 जानेवारी

संक्रांत. तिळगूळ वाटून झाल्यावर 'पत्रलेखकां'चं पान उरकलं. हे इतरांच्या वडिलांना पत्रं लिहून द्यायचे. "ती. बाबांस शि. सा. न. वि. वि." इथपासून मनीऑर्डरीच्या रकमेपर्यंत तयार मसुदा. कारणांचा दरतक्ता पुस्तिकेत दिलाय: सेट-स्क्वेअर हरवणे, किरकोळ. इंडस्ट्रियल टूर, मध्यम. ड्रॉइंग बोर्डाला चीर जाणे, भारी. एकदा दोघांचे वडील कराडच्या स्टँडवर भेटले, बोलता बोलता पत्रं निघाली, आणि दोन्ही बोर्डांना एकाच तारखेला, एकाच कोपऱ्यात चीर गेल्याचं उघड झालं.

हे पुढे पाटबंधारे खात्यात माझे वरिष्ठ होते. टिप्पणी उत्तम लिहायचे.

21 जानेवारी

आज जे पान घेतलं ते मी मुद्दाम मागे ठेवलं होतं. जतकडचे सिनिअर. आम्ही त्यांना 'भाकरीमास्तर' म्हणायचो. मेसमध्ये पोळी आणि भाकरी दोन्ही असत. हे पोळीला हात लावत नसत, भाकरी मोजून घेत आणि वहीत टिपून ठेवत. पुस्तिकेत त्यांचं समोरचं दृश्य म्हणजे भाकऱ्यांची चवड आणि तिच्यावर चष्मा. मजकूर: "1972 च्या दुष्काळाचं खरं कारण सरकार शोधत आहे. सरकारने आमच्या मेसमध्ये यावं."

त्या दुष्काळात जत, आटपाडी, माण, खटाव हा सगळा पट्टा होरपळला होता. माणसं खडी फोडायला जात, पोरांना सुकडी मिळे, रेशनवर अमेरिकेतून आलेला लाल मिलो, म्हणजे हलकी लाल ज्वारी. आमच्या मेसमधली भाकरी पांढऱ्या ज्वारीची होती. मास्तरांचे वडील तेव्हा पाझर तलावाच्या कामावर होते. हे आम्हाला माहीत होतं का? लेखनिक म्हणतो नव्हतं. चित्रकार म्हणतो होतं.

संध्याकाळी मास्तरांना फोन लावला. वाचलं, आणि म्हटलं, अण्णा, हे काढूया.

"का?"

मी कारण सांगितलं.

"अरे, वही कशाची होती माहितंय का? एक्स्ट्राच्या भाकरीचे पैसे वेगळे लागायचे. महिन्याला मनीऑर्डर किती करायची ते त्यावर ठरायचं. घरून मला नव्हे, माझी घरी. शिष्यवृत्तीतनं." मग हसले. "विनोद चांगला आहे. हसलो होतो की मी त्या रात्री. तो काढलास तर पानावर माझा नुसता चष्मा राहील. ठेव."

ठेवला. तळटीप घालू का, असं विचारलं, तर 'लई शहाणा होऊ नको' म्हणाले. तळटीप नाही.

4 फेब्रुवारी

बॅचमध्ये मुलगी एकच. त्या काळी इंजिनिअरिंगच्या वर्गात एक असणं हीसुद्धा बातमी असायची. त्या हॉस्टेलला नव्हत्या, मावशीकडे राहायच्या. तरी शिष्टाचार म्हणून एकतिसावं अर्धं पान त्यांना दिलं होतं. त्यावर रिकामी चौकट आणि खाली एक ओळ: "यांच्याविषयी आमच्याकडे माहिती उपलब्ध नाही."

त्या आता बडोद्यात असतात. फोनवर मी 'मॅडम' म्हणालो. त्या म्हणाल्या, "तेव्हा मिस म्हणायचात, आता मॅडम. नाव घ्यायला अजून भीती वाटते का?" शेवटी ताईवर तडजोड झाली.

मग म्हणाल्या, "तुमच्याकडे माहिती नव्हती. माझ्याकडे मात्र सगळ्यांची होती. चार वर्षं पहिल्या बाकावर बसले, मागचं सगळं ऐकू यायचं. आणि तुम्ही कुणी माझ्याशी बोलत नव्हतात, त्यामुळे बघायला वेळच वेळ." आणि सुरू झाल्या. मी कागद ओढला.

स्लाइड रूलवाला: "त्याच्या रूलच्या कर्सरची काच दुसऱ्या वर्षीच फुटली होती. परीक्षेत तो लॉग टेबल मागायचा. कमरेला रिकामी तलवार." म्हणजे कँटीनच्या बिलाची आमची सगळी गोष्ट काच नसलेल्या रूलवर उभी होती. बिल तो मनातच काढत असणार आणि रूल नुसता सरकवत असणार.

ट्रस्टी: "मला प्रॅक्टिकलला कुणी ग्रुपमध्ये घेत नव्हतं. ट्रस्टी म्हणाले, या इकडे, मला सगळी रीडिंग पाठ आहेत. होतीच पाठ."

जी. टी.: "त्याला ड्रॉइंग उत्तम यायचं. मूळ शीट त्याचीच असायची. तुम्हाला कधी कळलंच नाही का?"

नव्हतं कळलं. आम्ही त्याला काचेचा मालक समजत होतो.

शेवटी म्हणाल्या, "आणि तुम्ही तिघे, पुस्तिका काढणारे. तुमच्यात पांढरा शर्ट एकच होता. ओरलला तिघेही तोच घालून यायचात. कॉलरच्या डाव्या टोकाला निळा डाग." लेखनिकाला हे कळवलं. तो म्हणतो शर्ट त्याचा होता. चित्रकार म्हणतो डाग त्याचा होता.

रिकामी चौकट आता भरायची नाही. ती तशीच छापायची, समोरच्या पानावर ताईंनी सांगितलेलं सगळं, त्यांच्या नावावर. पुस्तिकेतलं सर्वांत चांगलं पान हे होणार. लिहिणाऱ्या आम्हा तिघांनाही हे मान्य आहे, थोड्या नाराजीने.

17 फेब्रुवारी

छपाई. ए-फाइव्ह आकार, 64 पानं, 80 जीएसएम मॅपलिथो, मध्ये पिना, 120 प्रती. कव्हरवर मेसच्या ताटाचं चित्र, अर्थातच वरून दृश्य.

प्रेसमधला ऑपरेटर अजून जुन्या फाँटवर काम करतो. युनिकोडवरून बदलताना त्याच्याकडे 'ऱ्या' तुटतो. आमच्या पुस्तिकेत 'बिचाऱ्या' हा शब्द पानोपानी, त्यामुळे पहिल्या प्रुफात सगळे बिचारे लंगडत होते. नात त्याच्याशेजारी खुर्ची टाकून बसली आणि युनिकोडच्या फाँटमध्येच सगळं पुन्हा लावून घेतलं. तिने चहाही त्याच्याकडूनच घेतला.

बुजलेला शब्दही सुटला. त्या सिनिअरनी स्वतःची प्रत पाहिली होती: 'विद्वान' नव्हे, 'विदूषक'. म्हणाले, "पण आता विद्वान छापलंत तरी चालेल." मूळ प्रतीशी प्रामाणिक राहायचं ठरलं आहे. विदूषक.

10 मार्च

मेळावा. वाचन जेवणाआधी ठेवलं, नंतर ठेवलं असतं तर निम्मे झोपले असते. अपेक्षेप्रमाणे सिनेमाच्या पानांवर टाळ्या सौजन्याच्या. चहाच्या डागापाशी वाचणं थांबवावं लागलं. जी. टी. उठून म्हणाले, कप परीक्षकांच्याच विभागातल्या एका सरांचा होता, ते आदल्या रात्री शीट बघायला खोलीवर आले होते. कुणाचाही विश्वास बसला नाही. ताईंनी मान डोलावली, तेव्हा बसला.

ताईंचं पान त्यांनीच वाचलं. भाकरीमास्तरांनी आपलं स्वतः वाचलं, चष्मा काढून.

जेवणात बटाटा होता. केटररला कुणी सांगितलं, ते अर्थमंत्री कबूल करत नाहीत.

13 मार्च

31 प्रती उरल्या. त्यांतल्या पाच गजर वहिनींकडे पाठवल्या, दोन बडोद्याला, एक कॉलेजच्या ग्रंथालयाला. बाकीच्या ट्रस्टींच्या ताब्यात. पोस्टाचा खर्च वर्गणीतून.

दुपारी ट्रस्टींचं पत्र आलं, टाइप केलेलं, विषय आणि संदर्भ क्रमांकासह. पान 5 वर 'सात वर्षं' असं छापलं आहे, ते चुकीचं आहे. त्यांची एक टर्म ग्रँट झाली नव्हती, ती हिशेबात धरता येत नाही. सबब 'साडेसहा वर्षं' अशी दुरुस्ती दुसऱ्या आवृत्तीत करण्यात यावी. पत्राची प्रत त्यांनी लेखनिकाला आणि चित्रकाराला माहितीस्तव पाठवली आहे. लेखनिकाने उलट टपाली पुरावा मागितला आहे.